स्विस घरात रोज काय शिजतं

तुमच्या मुलाच्या बालवाडीच्या पत्रातला जो शब्द तुम्हाला शब्दकोशात सापडला नाही, तो ‘त्स्न्यूनी’. सकाळी नऊचं खाणं. सापडणार नव्हताच, कारण तो पुस्तकी जर्मन नाही, इथली बोली आहे. तुम्ही पुढच्या महिन्यात बर्नला राहायला येताय, मुलगा पाच वर्षांचा, सासूबाई तीन महिन्यांसाठी येणार आणि त्या पूर्ण शाकाहारी. तुमचा प्रश्न असा की इथले लोक रोज नेमकं खातात काय, फोंड्यू (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा पदार्थ) आणि चॉकलेट खरंच रोज असतं का, आणि त्यातलं आपल्या घरात काय चालेल.

मी बर्न प्रांतातल्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात १९ वर्षं काम करते आहे. ऐंशी-नव्वदीच्या माणसांना दिवसातून तीनदा जेवायला घालायचं, हे माझं काम. या लोकांना पर्यटकांच्या हॉटेलातलं जेवण नको असतं. आईच्या हातची चव हवी असते, आणि ती नसली की ताट तसंच परत येतं. त्यामुळे जे सांगते आहे ते त्या परत आलेल्या ताटांनी शिकवलेलं आहे.

आधी वेळा समजून घ्या, कारण इथे पदार्थापेक्षा वेळ पक्की असते. सकाळचं ‘त्स्मॉर्गे’ म्हणजे पाव, लोणी, जॅम, कधी चीजचा तुकडा आणि दूध घातलेली कॉफी. नऊला त्स्न्यूनी. बाराच्या ठोक्याला ‘त्स्मिताग’, दुपारचं जेवण. चारला ‘त्स्फिएरी’. आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला ‘त्स्नाख्त’. आमच्या आश्रमात तर साडेअकराला जेवण आणि साडेपाचला रात्रीचं खाणं. बारा ते दीड तुमच्या मुलाची शाळा बंद असेल आणि तो जेवायला घरी येईल. दुपारच्या जेवणाची शाळेतली सोय हवी असेल तर वेगळं नाव नोंदवावं लागतं, ते आल्याबरोबर विचारा. हॉटेलांचंही तसंच. दुपारी दीड-दोननंतर स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी सहाला उघडतं. चार वाजता भूक लागली म्हणून गेलात तर केक मिळेल, गरम जेवण मिळेलच असं नाही.

जुन्या वळणाच्या घरात गरम जेवण एकदाच, आणि ते दुपारी. आपल्याला हे पचायला सगळ्यात जड जातं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी रात्री जेवायला बोलावलं. बाहेर बर्फ पडत होतं. टेबलावर पावाची लादी, दोन प्रकारची चीज, लोणी, व्हिनेगरमधल्या काकड्या, जॅम आणि किटलीभर दूध-कॉफी. मी मनात म्हणत राहिले, आता गरम काहीतरी येईल. आलं नाही. घरी येताना वाईट वाटलं, आपल्याला परकं मानलं असं वाटलं. पुढे आश्रमात कामाला लागले तेव्हा कळलं की या जेवणाला नाव आहे, ‘काफे कोंप्ले’, आणि त्या बाईंनी मला पाहुणी न मानता घरचं माणूस मानून त्यांचं रोजचं खाणं पुढे केलं होतं. आमच्याकडे आजही आठवड्यातून दोनदा काफे कोंप्ले असतं, आणि त्या संध्याकाळी एकही ताट परत येत नाही.

आता फोंड्यू. ते रोजचं नाही. थंडीतलं, चार माणसं जमली की करायचं जेवण आहे, आणि भर उन्हाळ्यात कोणी मागितलं की इथला माणूस ओळखतो की हा पाहुणा आहे. चीज वाइनमध्ये वितळवण्याची पाककृती झुरिकमध्ये १६९९ सालच्या एका हस्तलिखितात सापडते, म्हणजे पदार्थ जुना आहे. पण तो साऱ्या देशाचा ‘राष्ट्रीय पदार्थ’ झाला तो १९३० नंतर. १९१४ मध्ये स्थापन झालेला चीजचा सरकारमान्य संघ होता, १९९९ पर्यंत चालला. साठलेलं चीज देशातच खपावं म्हणून त्यानं फोंड्यूचा जोरदार प्रचार केला. सैन्याच्या स्वयंपाकघरांतूनही तो घरोघरी पोचला. आमच्या आश्रमातल्या आजीआजोबांपैकी पूर्व स्वित्झर्लंडमधून आलेले काहीजण सांगतात की लहानपणी त्यांच्या घरात फोंड्यू नव्हताच.

करायचा असेल तर फ्रिबूर प्रांताच्या पद्धतीचा करा, त्याला ‘मोआतिए-मोआतिए’ म्हणतात, अर्धं-अर्धं. अर्धं ग्रुयेर, अर्धं वाशरँ फ्रिबूर्जुआ, दोन्ही चीजच. माणशी २०० ग्रॅम चीज. जाड बुडाच्या मातीच्या किंवा बिडाच्या भांड्याला, म्हणजे ‘काकेलों’ला, आतून लसूण घासायचा. माणशी एक डेसिलिटर आंबटसर पांढरी वाइन, त्यात कॉर्नफ्लोअर कालवून घ्यायचं, मग चीज घालून मंद आचेवर इंग्रजी आठचा आकडा काढत ढवळायचं. शेवटी मिरपूड, जायफळ आणि ‘किर्श’ म्हणजे चेरीची दारू. वाइन चवीपुरती नसते. तिच्या आंबटपणामुळे चीजमधलं प्रथिन गोळा होत नाही, सळसळीत राहतं. आच वाढली तर तूप सुटून वर येतं आणि खाली रबरासारखा गोळा होतो. असं झालं तर चमचाभर कॉर्नफ्लोअर लिंबाच्या रसात कालवून घाला आणि जोरात फेटा, बहुतेक वेळा सावरतं. तळाशी शेवटी जी खरपूस पापडी धरते ती खरवडून वाटून खातात. खव्याच्या कढईची खरवड आवडते त्या माणसाला ती सांगावी लागत नाही.

दारू नको असेल तर फ्रिबूरमध्येच नुसत्या वाशरँचा फोंड्यू पाण्यात करतात. तो उकळू द्यायचा नाही, जेमतेम कोमट आचेवर वितळवायचा. त्यात पावाऐवजी उकडलेला बटाटाही बुडवतात. ‘दारू शिजताना सगळी उडून जाते’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. काही भाग राहतोच. मुलासाठी पाण्याचाच करा.

पण मला खरं बोलायचं आहे ते रोश्टीबद्दल, कारण हे अन्न मला तिच्यामुळे कळलं.

आपला उपासाचा बटाट्याचा कीस कच्च्या बटाट्याचा असतो. बर्नची रोश्टी आदल्या दिवशी सालासकट उकडून गार ठेवलेल्या बटाट्यांची. दुकानात बटाट्याच्या पिशव्या रंगांनी ओळखायच्या: हिरवी म्हणजे उकडल्यावर घट्ट राहणारा, निळी म्हणजे पिठूळ. रोश्टीला हिरवी घ्या. उकडून रात्रभर गार जागी राहिले की त्यातलं पिठूळपण आवळतं आणि किसताना लगदा होत नाही, लांब धागे पडतात. गरम बटाटा किसून केलीत तर तव्यावर लापशी होईल. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि आमच्या मुख्य आचाऱ्यानं काही न बोलता ते सगळं सूपमध्ये वळवलं. बीडाच्या तव्यात कढवलेलं लोणी, म्हणजे जवळपास आपलं तूपच, तापवायचं. जुने लोक डुकराची चरबी वापरत, आजही काही हॉटेलं वापरतात. कीस घालायचा, मीठ, दोन-तीनदा खालीवर करायचं म्हणजे तूप सगळीकडे लागतं. मग उलथन्यानं कडेनं आत ढकलत गोल भाकरीसारखी करायची, आच कमी, झाकण नाही, पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. वास खमंग झाला आणि कड तव्यापासून सुटली की ताट उपडं ठेवून पालटायची आणि दुसरी बाजू. कांदा, जिरं काही घालू नका पहिल्या वेळी. बटाटा, तूप, मीठ. चव एवढ्यातच आहे.

ही बर्नच्या शेतकऱ्यांची न्याहारी होती. पहाटे गोठ्यातलं काम आटपून आलेली माणसं टेबलाभोवती बसायची, तवा मध्ये, प्रत्येकाच्या हातात चमचा, आणि बरोबर दूध-कॉफी. आमच्या आश्रमातले एक ९१ वर्षांचे शेतकरी अजून रोश्टीचा घास कॉफीत बुडवून खातात. जर्मन आणि फ्रेंच भाषकांमधल्या सीमेला इथे ‘रोश्टीग्राबन’ म्हणतात, रोश्टीचा खंदक. मतदानात दोन्हीकडचा कौल वेगळा पडला की वर्तमानपत्रांत हा शब्द दिसेल. पलीकडेही रोश्टी आवडीनं खातात, तरी शब्द टिकून आहे.

आता बघा, रोश्टी म्हणजे कालचा बटाटा. फोंड्यू म्हणजे जुनं चीज आणि कडक झालेला पाव. कडक पाव अंड्या-दुधात भिजवून परतला, वर दालचिनी-साखर घातली की ‘फोत्सेलश्निटन’. त्याच पावाचे तुकडे सफरचंद आणि अंड्यात परतले की ‘फोगलहॉय’, शब्दशः पाखरांचं गवत. सोमवारी रविवारच्या उरलेल्याचं काहीतरी, हे आमच्या स्वयंपाकघरात न लिहिलेलं वेळापत्रक आहे. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात करणाऱ्या घरातून मी आले, आणि मला इथे सगळ्यात आधी जवळचं वाटलं ते हेच.

त्यामागे गरिबी आहे. आज देश श्रीमंत दिसतो म्हणून आपल्याला ते सुचत नाही. डोंगराळ जमीन, सहा महिने थंडी, धान्य कमी. १७७०-७१ च्या उपासमारीनंतर बटाटा खऱ्या अर्थानं घरोघरी रुजला. १८१६ साली उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख आकाशात होती. पुढच्या वर्षी पूर्व स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी गवत उकडून खाल्लं. अशा मुलखात जे टिकतं तेच अन्न. दूध टिकत नाही, चीज टिकतं. ग्रुयेरच्या ३५ किलोंच्या एका चाकात सुमारे ४०० लिटर दूध असतं. म्हणजे उन्हाळ्यात उंच कुरणावर चरलेल्या गाईचं दूध हिवाळ्यातल्या ताटात येतं. व्हाले प्रांतातली राय धान्याची भाकरी गावच्या सामायिक भट्टीत वर्षातून दोन-तीनदाच भाजत आणि महिनोन्‌महिने पुरवत. ग्राउब्युंडनमध्ये गोमांस खारवून डोंगरातल्या कोरड्या वाऱ्यावर वाळवतात. चीज करताना उरलेली निवळीही टाकत नाहीत: १९५२ पासून त्यातून ‘रिवेला’ नावाचं फसफसणारं पेय बनतं, आणि ते आमच्याकडे कोणत्याही कोकपेक्षा जास्त खपतं. सासूबाईंना ताकाच्या निवळीची चव ओळखीची असेल, त्यांना जरूर द्या.

राक्लेट व्हालेचं. चीजचं अर्धं चाक विस्तवासमोर धरायचं, वरचा थर वितळला की सुरीनं खरवडून ताटात. फ्रेंचमध्ये खरवडणं म्हणजे ‘राक्ले’, त्यावरून नाव. घरी विजेची छोटी शेगडी असते, प्रत्येकाची आपली चिमुकली तवली. बरोबर सालासकट उकडलेले बटाटे, ज्यांना ‘ग्श्वेल्ती’ म्हणतात, आणि व्हिनेगरमधले छोटे कांदे-काकड्या. शाकाहारी पाहुण्यांसाठी हे फोंड्यूपेक्षा सोपं, कारण वाइन नाही आणि प्रत्येक जण आपापलं करतो. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलात तर ही शेगडी बाहेर निघण्याची शक्यता जास्त आहे.

‘एल्प्लरमाग्रोनन’ मुलांना फार आवडतं. मॅकरोनी, बटाट्याचे तुकडे, साय, चीज, वर तुपात तांबूस तळलेला कांदा, आणि शेजारी सफरचंदाचा गोड गर. खारट साईच्या पदार्थाबरोबर गोड गर हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पोळीबरोबर साखरांबा खाणाऱ्याला चव लगेच कळते. गर वगळू नका, त्याशिवाय जड होतं. हॉटेलात मागवताना ‘श्पेक’ नको म्हणून सांगा, म्हणजे डुकराचं मांस. रोश्टीतही ते असू शकतं.

शुक्रवारी आमच्याकडे ‘वेये’ असते. पातळ पिठाच्या पारीवर पालक, कांदा किंवा चीज, आणि पुन्हा दुसरी जर्दाळू, प्लम किंवा सफरचंदाची. शुक्रवारी मांस न खाण्याची कॅथलिक रीत होती, ती धर्मापलीकडे सवय म्हणून उरली. गोड वेये हेच जेवण, नंतरचं पक्वान्न नव्हे. बर्नसारख्या प्रोटेस्टंट भागातही म्हातारी माणसं शुक्रवारी सकाळीच विचारतात, आज कशाची? वरचं सारण अंड्या-साईचं असतं, अंडं चालत नसेल तर घरी करा.

‘बिरखर म्यूएस्ली’ डॉ. बिरखर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास झुरिकमध्ये रुग्णांसाठी बनवली. मूळ कृतीत ओट्स नव्हे, सफरचंद मुख्य. एक चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात रात्रभर, लिंबाचा रस, आटवलेलं गोड दूध एक चमचा, आणि एक मोठं सफरचंद सालासकट किसून, वर बारीक केलेले बदाम किंवा हेझलनट. सफरचंद सरळ लिंबू-दुधातच किसायचं, लगेच हलवायचं, म्हणजे काळं पडत नाही. डबाबंद म्यूएस्लीत ओट्स आणि साखरच जास्त, ती वेगळी गोष्ट. आमच्याकडे ही रात्रीचं जेवण म्हणून असते, पाव-लोण्याबरोबर. उच्चार नीट ‘म्यूएस्ली’ करा. ‘म्यूसली’ म्हणालात तर इथल्या बोलीत त्याचा अर्थ छोटा उंदीर होतो.

बाकी प्रांतोप्रांती बदलतं. तिचीनोत पोलेंटा, रिसोटो आणि चेस्टनट. बाझेलमध्ये कार्निव्हलच्या पहाटे चारला मिरवणूक निघते आणि नंतर भाजलेल्या पिठाचं सूप पितात. पीठ भाजायची चिकाटी आपल्या बेसनाच्या लाडवाएवढीच लागते. ग्राउब्युंडनचं ‘मालुन्स’ म्हणजे उकडलेला बटाटा किसून पिठात चोळून लोण्यात अर्धा-पाऊण तास परतायचा, मोकळा होईपर्यंत. मोकळ भाजणीची ज्यांना आठवण येते त्यांनी हे करून पाहावं. मांस खाणाऱ्यांसाठी ‘सेर्वला’ सॉसेज, जंगलात शेकोटीवर दोन्ही टोकांना चिरा देऊन भाजलेलं, म्हणजे इथली शाळेची सहल. रविवारी सकाळी ‘त्सोप्फ’, दूध-लोण्याचा वेणीसारखा गुंफलेला पाव. शनिवारी दुपारी सगळ्या इमारतीत त्याचा वास येतो.

सासूबाईंसाठी एक गोष्ट नीट सांगते, कारण दुकानात कोणी सांगत नाही. ग्रुयेरसारखं नावाचं संरक्षण असलेलं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसानं, विरजतात, तो त्याच्या नियमाचाच भाग आहे. बऱ्याच जणांना चालतं, काहींना नाही. त्यांनाच विचारून ठरवा, लपवू नका. न चालत असेल तर पाकिटावर ‘मिक्रोबिएलेस लाब’, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट, शोधा किंवा पिवळ्या गोलातली हिरवी व्ही ही शाकाहाराची खूण. सूप मागवताना ते कशाच्या पाण्यात केलंय हे विचारा, भाज्यांचं सूपही बऱ्याचदा मांसाच्या अर्कात असतं. काही दह्यांत आणि बहुतेक जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा अर्क. झुरिकला गेलात तर त्यांना ‘हिल्टल’मध्ये न्या. १८९८ पासून चालू असलेलं शाकाहारी उपाहारगृह आहे, आणि तिथल्या मार्ग्रिट हिल्टल १९५१ मध्ये दिल्लीच्या जागतिक शाकाहार परिषदेला गेल्या होत्या. तिथून त्या भारतीय स्वयंपाकाची आवड घेऊन परतल्या आणि मेन्यूत तो आणला, आजही आहे. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, म्योव्हनपिक या उपाहारगृहांच्या उएली प्रागर यांनी ‘रि काझिमिर’ काढला: भात, मांसाच्या पट्ट्या, करीची साय, वर अननस आणि केळं. आमच्या आजीआजोबांना तो ‘भारतीय जेवण’ म्हणून माहीत आहे. सुरुवातीला मला राग यायचा. आता मी तो मनापासून करते, कारण त्यांच्या तरुणपणी लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर जाऊन खाल्लेला तो पदार्थ आहे.

चॉकलेट रोजचं आहे का? हो. माणशी वर्षाला दहा किलोंच्या आसपास खपतं. दुधाचं चॉकलेट डानिएल पेटर यांनी १८७५ मध्ये व्हव्हे गावात जमवलं, आणि चार वर्षांनी बर्नमध्ये रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटून मऊ करायचं यंत्र काढलं. पण घरात ते चारच्या त्स्फिएरीला, पावाच्या आत एक कांडी ठेवून, असं साधं असतं.

आणि मुलाचा त्स्न्यूनीचा डबा. शाळेला गोड, चिप्स, सरबत चालणार नाही, ते परत पाठवतात. सफरचंदाच्या फोडी, गाजर, मूठभर सुका मेवा (वर्गात कोणाला अ‍ॅलर्जी आहे का ते आधी विचारा), ‘रूखब्रोट’चा तुकडा, म्हणजे कोंड्याचा थोडा भाग ठेवलेल्या पिठाचा करडा पाव. प्यायला साधं पाणी. थालीपीठही द्या, हातानं खाता येतं आणि सांडत नाही. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुलांनी तिच्याकडे अर्धं-अर्धं मागायला सुरुवात केली होती. खायच्या आधी सगळे मिळून ‘एन ग्वेते’, म्हणजे ‘चवीनं जेवा’, असं म्हणतात, तेवढं आधी शिकवून ठेवा.

सासूबाई आल्या की पहिल्या रविवारी रोश्टी करा, बरोबर दही आणि तुमचं घरचं लोणचं चालेल, आमच्या ९१ वर्षांच्या आजोबांनी लिंबाच्या लोणच्याबरोबर खाऊन दुसऱ्यांदा मागितली होती. बटाटे मात्र शनिवारी रात्रीच उकडून ठेवा.